साक्षीदार अनुपस्थित

हिंगोलीच्या विश्रामगृहात, मोठ्या दालनात
मी बसले होते भिंतीकडच्या स्टुलावर,
तीन पेन्सिली टोकदार, वही कोरी.
गेली एकोणीस वर्षं माणसांच्या तोंडाचा वेग
रेघोट्यांत पकडायची माझी नोकरी.

टेबलापलीकडे सात आमदार.
अलीकडे एकच खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल,
समोर सीलबंद पाण्याची बाटली
आणि घडीच्या पुठ्ठ्यावर : मा. सल्लागार, पाणीपुरवठा.
पंख्याच्या वाऱ्यानं पुठ्ठा पडायचा.
गुणाजी शिपाई यायचा, उभा करायचा.
पुन्हा पडायचा.
पाचव्यांदा तो माझ्या कानाशी वाकला :
"मॅडम, मानूसच न्हाई तर नाव तरी कितींदा उठवावं?"

अकरा वाजता मेल आला. प्रकृती.
मागच्या तारखेला परदेश दौरा होता,
त्याच्या मागच्या तारखेला
सल्ला गोपनीय असतो असं दोन पानी पत्र,
त्याच्याही आधी नोटीस पोचलीच नव्हती म्हणे,
बंगल्यावरचं कुत्रं फार वाईट आहे.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"नोंद घ्या," म्हणाले.
मी घेतली.

फाटकाबाहेर कौठळवाडीची माणसं.
दोन जीप भरून आलेली, पहाटेपासून उभी.
त्यांच्या गावठाणात चौथं वर्ष पडून आहेत पाइप,
निळे, जाडजूड, गावाच्या टाकीला न बसणारे.
टाकीचं तोंड सहा इंची, पाइप अठराचे.
सल्ला वरून आला होता.
सल्ल्याला सही नसते.
आता त्यांत कुत्री वितात,
पोरं एका तोंडातून हाक घालतात
नि पळत जाऊन दुसऱ्या तोंडाला कान लावतात.
शेख मकदूम, गावचा व्हॉल्व्हमन,
त्यातलंच एक वीतभर कडं करवतीनं कापून
मांडीवर घेऊन आला होता, लेकरासारखं.
हवालदारानं विचारलं, हे काय?
"पुरावा हाय साहेब. ह्यो बोलावलं की येतो."

पण प्रवेशपत्र फक्त माणसांना होतं,
आणि माणसांतही फक्त
ज्याचं नाव पुठ्ठ्यावर, त्याला.

मग पद्मिणबाई खिल्लारेंचा आवाज चढला,
उघड्या खिडकीतून थेट माझ्या वहीवर आला :
"आमी सकाळधरून उभं राहायलोत.
माझा अंगठा उमटंना मशिनीवर
तर चार चकरा मारल्या म्या तहसीलीत,
मी जित्ती हाय एवढं दाखवाया.
दरसाली हयातीचा दाखला देते, दीडहजारासाठी.
आन् ह्याला नुस्तं येऊन बसायचं होतं,
थंड हवंत, मऊ खुर्चीत!
त्यो हयात हाय का न्हाई
तेवढं तरी इचारा त्याला!"

मागून कुणी ओरडलं, वॉरंट काढा.
एका पोरानं दगड उचलला.
मकदूमनं तो त्याच्या मुठीतून सोडवला
आणि कुठं ठेवावा ते न सुचून
स्वतःच्याच खिशात टाकला.
एक आमदार म्हणाले, खिडकी लावून घ्या.
काच सरकली.
पलीकडं तोंडं हलत राहिली.

मी खाली बघितलं.
हात थांबलाच नव्हता.
पद्मिणबाईंचं सगळं बोलणं तिथं उतरलेलं,
अंगठा, चकरा, हयातीचा दाखला,
शपथेवाचून, कुणी न मागितलेलं.
आणि नियम आम्हाला पहिल्याच वर्षी पाठ करवतात :
दालनाबाहेरचं नोंदवू नये.

बारा वाजून दहा मिनिटांनी कामकाज संपलं.
पाण्याची बाटली फोडलीही नव्हती.
गुणाजीनं ती मकदूमला नेऊन दिली,
त्यानं घेतली नाही.

रात्री टंकत बसले.
साक्षीदार अनुपस्थित. एवढी एक ओळ,
खाली पानभर पांढरं.
ते काही बघवेना.
कळांवर बोटं ठेवली,
आणि तिच्या बोलण्यातलं "न्हाई"
शुद्ध करावं की तसंच राहू द्यावं,
यावरच बराच वेळ
अडून राहिले.